मदत हवी आहे: फॉर्च्युनरच्या आत २८५/७० आर१७ ची स्टेपनी कशी बसवायची?

काळीमाती (नागपूर):
गाडी २०१४ ची फॉर्च्युनर, ३ लिटर, मॅन्युअल, फोर बाय फोर. दोन इंच लिफ्ट (सस्पेन्शन उंच केलेलं) आहे. चारही टायर २८५/७० आर१७ ऑल टेरेन. कंपनीचं माप २६५/६५ आर१७, म्हणजे व्यास ७७६ मिमी. नव्याचा ८३१. पाचवा टायर गाडीखालच्या जागेत जात नाही. हवा काढून साखळीने ओढला तरी मागच्या बाजूला अडतो. सध्या खाली जुन्या मापाचीच स्टेपनी लटकते आहे.

तिसरी रांग काढलेली आहे, टायर आत घ्यायचा आहे. रिमसकट वजन भंगारवाल्याच्या काट्यावर ३९ किलो भरलं. वाडीचा फॅब्रिकेटर म्हणतो, फरशीला दोन हुक मारू, सेल्फ टॅपिंग स्क्रूने, वरून पट्टा. मन धजत नाही.

१. टायर उभा ठेवावा की आडवा?
२. बांधायचा नेमका कशाला?
३. तोवर जुन्या मापाची स्टेपनी लावावी लागली तर चालेल का? जाणं-येणं भामरागड, चिखलदरा या बाजूला असतं.

लोरेंज:
तिसऱ्याचं आधी, कारण नुकसान तिथे जास्त. या पिढीची फोर बाय फोर फॉर्च्युनर कायम चारही चाकं ओढते. गिअरशेजारच्या छोट्या दांड्यावर एच (नेहमीचा), एचएल (मधलं लॉक लावलेला), एलएल (लॉकसकट, हळू पण जास्त ताकदीचा) असतं, साधं टू व्हील नसतंच. तुमच्या दोन मापांत जवळपास ७ टक्के फरक आहे. ढोबळ हिशेबाने मोठा टायर किलोमीटरला ३८३ फेरे घेतो, लहान ४१०. म्हणजे त्या ॲक्सलचं डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहणार, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधलंही. ती वळणापुरती फिरायला बनवलेली असतात. तेल तापतं, आतले गिअर घासतात.

पंक्चरच्या दुकानापर्यंत, ४०-५० च्या वेगाने, दांडा एचमध्ये ठेवून न्या. डांबरी रस्त्यावर मधलं लॉक अजिबात लावू नका. फेऱ्यांतला फरक जिरायला जागा राहत नाही आणि ताण शाफ्टवर येतो. भामरागडहून परत नागपूरपर्यंत तशीच आणायचा विचार असेल, तर नको.

आटेवाला:
त्या फॅब्रिकेटरला नमस्कार करा आणि तिथून निघा.

५० च्या वेगाने गाडी कशाला धडकली आणि अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर येतो. ३९ किलोचे झाले पावणेआठशे किलो, आणि समोर मधल्या रांगेत बसलेल्यांची पाठ. बोल्ट सहसा तुटत नाही. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा आकडा) एम१०, म्हणजे १० मिमीचा बोल्ट, ओढून तोडायला साडेचार टनांच्या आसपास लागतात. फाटतो तो फरशीचा पत्रा. जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यात स्क्रूचा जेमतेम एखादा आटा धरणार, तो लोण्यातून सुरी जावी तसा निघतो.

म्हणून नवीन भोक पाडायचंच नाही. तिसऱ्या रांगेच्या सीटचे जे बोल्ट काढलेत, त्यांच्या खाली कंपनीने जाड पत्रा लावून नट वेल्ड केलेले आहेत. माणूस बसवून धक्का खायलाच ती जागा आहे. तिथेच फ्रेम बांधा.

टायर आडवा ठेवा. उभा ठेवला की ८३ सेंटिमीटर उंच, मागची काच अर्धी झाकणार, आणि वजन वर गेल्याने बांधणी दुप्पट करावी लागणार. आडव्याला जागा जास्त लागते हे खरं, पण वरून १८ मिमी प्लायची फळी टाकली की सामानाला दुसरा मजला मिळतो.

फ्रेमसाठी ४० बाय ४० बाय ३ मिमी चौकोनी पाइप, मीटरला साधारण साडेतीन किलो. दोन आडवे, दोन उभे, एवढं पुरे. पायांना ६ मिमी पट्टी, तिला सीटच्या बोल्टच्या जागी भोकं. मधे एक ८ मिमी प्लेट, तिच्यात एम१६ रॉड उभा, खालून दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड. नुसता टाका नको.

आता जरा नीट वाचा. टायर ठेवताना रिमची दर्शनी बाजू खाली. उलटं वाटेल, पण कारण आहे. हब ज्या सपाट चकतीवर बसतो ती रिमच्या मध्यावर नसते, दर्शनी बाजूकडे सरकलेली असते. दर्शनी बाजू खाली केली की ती फ्रेमपासून साधारण ११-१२ सेंटिमीटरवर येते आणि आखूड रॉड पुरतो. तुमच्या रिमचा ऑफसेट (ती चकती मध्यापासून किती सरकलेली ते) वेगळा असेल तर आधी पट्टीने मोजा. मधलं भोक १०६ मिमी, त्यातून रॉड वर येईल. वरून १५० मिमी व्यासाची ८ मिमी प्लेट, खाली रबर, मग वॉशर आणि नट. प्लेट त्या सपाट चकतीवरच बसली पाहिजे, स्पोकवर नाही. वर रिमची जी खोल परात उरते तिच्यात पाना, दोर, पंक्चर किट मावतं.

साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) ५ ते १० मिमी दबेपर्यंत आवळा. स्पोक फ्रेमला टेकता कामा नयेत, नाहीतर पाचशे किलोमीटरमध्ये अलॉय खरवडून निघेल.

बोल्टबद्दल. फ्रेमच्या पट्टीमुळे मूळ बोल्ट ६ मिमी आखूड पडणार, लांब घ्यावे लागतील. जपानी गाड्यांत एम१० चा पिच (दोन आट्यांतलं अंतर, मिमीमध्ये) बहुतेकदा १.२५ असतो आणि दुकानात मागितला की हातात १.५ चा पडतो. तो एक-दोन आटे आत जातो, मग अडतो, आणि पाना मारणारा जोर करतो. वेल्ड नटचे आटे गेले की फरशी उघडावी लागते. मूळ बोल्ट खिशात घालून इतवारीत लोहाओळीला जा, नट लावून जुळवून घ्या, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं पाहून घ्या.

काळीमाती:
मस्त. म्हणजे एम१६ चा एकच रॉड धरेल ना? जाड वाटतो.

आटेवाला:
वर उचलला जाण्यापासून धरेल. पुढे जाण्यापासून नाही. टायर पुढे रेटला की तो जोर रॉडच्या बुडापासून १२ सेंटिमीटर वर लागतो. पावणेआठशे किलो त्या उंचीवर म्हणजे ९०० न्यूटन-मीटरच्या वर. एम१६ रॉड त्याच्या एक तृतीयांशाच्याही आत कायमचा वाकतो. म्हणून टायरच्या पुढच्या बाजूला, ट्रेडला (रस्त्याला टेकणाऱ्या भागाला) चिकटून, फ्रेमवर दोन टेकू हवेत. ५० बाय ५० बाय ५ अँगल, १५० मिमी उंच, एकमेकांकडे तिरपे, व्ही आकारात, मागून प्रत्येकाला एक तिरपी पट्टी. टायर त्या खोबणीत बसला की आडवा धक्का टेकू खातात आणि रॉड फक्त दाबून धरतो.

शिवाय ५० मिमी रुंदीचा रॅचेट बेल्ट रिममधून ओवून फ्रेमला. हा दुसरा जीव. टायरची हवा हळूहळू गेली की साइडवॉल बसते, नटखालचा ताण संपतो आणि नट धक्क्याने फिरत वर येतो. बहुतेक ठिकाणी चूक हीच होते, स्टेपनीची हवा कोणी पाहतच नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न फिरणारा) घाला, आणि नट-रॉडवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की सरकलाय.

वऱ्हाडीपाना:
भाऊ, समदं बराबर, पण ३९ किलोचं धूड वर चढवणार कोण? पावसात भर रस्त्यात एकट्यानं उचलाल तं कंबर धरून बसाल. सहा फुटाची सागाची फळी ठेवा, दहा इंच रुंद, वर दोन आडव्या पट्ट्या मारलेल्या. टायर उभा करून गडगडवत न्या, काठावर आला की आत पाडा. उतरवतानाही तसंच, फळीच्या बाजूनं उभं राहा, समोर नाही.

अन् काढलेला पंक्चर टायर आत जाणार तो काळ्या मातीनं लदलेला. ती माती सुकली की सिमेंट होते, ओली असली की कार्पेटचं वाटोळं. ताडपत्रीची खोळ शिवून घ्या, तोंडाला दोरी. नव्या टायरचा वासही त्यानं कमी येतो. मे महिन्यात बंद गाडीत काय दरवळते ते सांगाले नको.

काळीमाती:
उन्हाने आतला टायर फुटायची भीती आहे का?

लोरेंज:
नाही. दर साडेपाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय वाढतो. सकाळी ३० अंशांत ३५ भरली आणि दुपारी गाडीच्या आत ६० झालं तर ४० च्या आसपास जाईल. टायरला ते काहीच नाही. मात्र दुपारी तापलेल्या टायरचं माप घेऊन हवा काढू नका, सकाळी कमी भरेल.

कागदपत्र:
एक कटू गोष्ट. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. तुमची लिफ्ट आणि टायर आधीच त्या रेषेवर आहेत. आरसीवर सात सीट आहेत. म्हणून फ्रेम पूर्ण बोल्टवर ठेवा, बॉडीला एकही वेल्ड नको, आणि तिसरी रांग तिच्या बोल्टसकट घरी जपून ठेवा. अपघाताच्या क्लेमला विमा कंपनीचा सर्व्हेयर पहिला प्रश्न टायरच्या मापावर काढतो.

काळीमाती:
ठरलं. आडवा, सीटच्या बोल्टवर, टेकू आणि बेल्टसकट. खालची जुनी स्टेपनी काढून टाकतो. जॅक कंपनीचाच पुरेल ना?

आटेवाला:
मागे सॉलिड ॲक्सल आहे, जॅक ॲक्सलखाली लावायचा. तिथे लिफ्टचा काही संबंध नाही, फक्त टायरची त्रिज्या २७ मिमी वाढली आहे. ५० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा, एक फूट बाय एक फूट, जॅकखाली. काळ्या मातीत तो तसाही लागतोच, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

चाकाचे नट एम१२ बाय १.५, पाना २१ चा. रॉडचा नट मात्र २४ चा येतो, तेव्हा २४ चा एक पाना परातीत नको, दाराच्या खिशात ठेवा. परातीत ठेवला आणि वरच्या फळीवर सामान रचलं, की सगळं खाली उतरवल्याशिवाय तो हाती येत नाही.