मदत हवी आहे: टर्बोवरचा एअर फिल्टर निसटतोय

नाशिककर मंडळी, माझ्या टर्बो बसवलेल्या हायाबुसा बाइकचा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या भागाच्या, तोंडावरून सारखा सरकतो. परवा कसारा घाट चढून घरी आलो, तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर अडकलेला. क्लॅम्प मात्र घट्टच! फिल्टरच्या रबराच्या आत ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) तेलाचा बुळबुळीत थर. निसटला असता तर खडी थेट पात्यांत, विचारानंच पोटात गोळा आला.

साधी क्लिप झाली, टी-बोल्ट क्लॅम्पही झाला. पुसून कोरडं करून बसवलं. जास्त आवळलं की रबर उलट बाहेर सरकतं. माप बरोबर आहे, फिल्टर आणि कॉम्प्रेसरचं तोंड दोन्ही ६० मिमी. पण तोंड गुळगुळीत, कडेला उंचवटा नाही. ब्रीदरची नळी आता कॅच कॅनला (तेल साठवणाऱ्या डब्याला) नेतोय. टर्बोपुढे जागा कमी, फिल्टरसाठी लांब पाइप बसत नाही.

कॉम्प्रेसरचं हाउसिंग (बाहेरचं कवच) उतरवायची तयारी आहे. ॲल्युमिनियमवर वेल्डिंगने कड उठवून घ्यावी, की फ्रेमपासून फिल्टरच्या टोकाला ब्रॅकेट द्यावा? आणि सातपूर-अंबडकडे असं बारीक काम कोण करतं?