‘चार कणखर मासे सोडा, टाकी आपोआप बसते’: नाही बसत!

नायट्रोबा
‘टाकी भरा, फिल्टर लावा, दोन दिवस पाणी मुरू द्या, मग चार कणखर मासे सोडा. महिन्याभरात टाकी आपोआप बसते.’ मत्स्यवेडा यांनी काल एका नवख्याला दिलेला हा सल्ला. त्यावर पाच जणांनी ‘अगदी बरोबर’ लिहिलं, म्हणून हा वेगळा धागा.

टाकी बसणं म्हणजेच सायकल होणं: माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया फिल्टरातले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करू लागतात. दोन दिवसांत नेमकं काय मुरतं? क्लोरीन उडून जातं, तेही पाण्यात क्लोरामाइन नसेल तर. जिवाणूंच्या तोंडात अमोनियाचा कणही पडलेला नसतो. म्हणजे दोन दिवस ठेवा की दोन महिने, फिल्टर पहिल्या दिवसाइतकाच कोरा.

माशांविना सायकल करायला फार काही लागत नाही. १०० लिटरला ०.६३ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड (पावडर) टाकलं की २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, अमोनिया होतो. १० टक्क्यांचं अमोनिया द्रावण असेल तर साधारण २ मिली. द्रावणाची बाटली आधी हलवून बघा, फेस टिकला तर त्यात साबण आहे, ती बाद. पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा, हीटर २८ अंशांवर, हवेचा दगड जोरात, दिवा बंद, नाहीतर जिवाणूंच्या आधी शेवाळ येईल. अमोनिया ०.५ च्या खाली उतरल्याशिवाय पुढचा डोस नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा आकडा ढिम्म हलणार नाही, म्हणून आणखी ओतू नका. मग नायट्राइट चढेल, रेंगाळेल आणि एकदम कोसळेल. २ पीपीएमचा डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, की झालं. ८०-९० टक्के पाणी बदला, मासे सोडा. चार ते सहा आठवडे जातात. घाई असेल तर चालू टाकीतला जुना स्पंज नव्या फिल्टरात कोंबा.

मत्स्यवेडा
वाक्य सोयीनं कापलंत. पुढचं वाक्य होतं, ‘रोज टेस्ट करा, अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ झालं की निम्मं पाणी बदला.’ ते गाळलं की माणूस खाटीक ठरवायला सोपा!

टेस्ट किट एकूण अमोनिया दाखवते. २५ अंशांला, पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त अमोनिया असतो (बाकीचं सौम्य अमोनियम) आणि कल्ले जाळतो तो तेवढाच. एकूण ०.२५ म्हणजे मुक्त ०.००१४ पीपीएम. याने मासा मरत नाही. नायट्राइटसाठी १० लिटरला १ ग्रॅम मीठ टाकलं की सुमारे ६० पीपीएम क्लोराइड मिळतं. नायट्राइट कल्ल्यांमधून ज्या वाटेनं आत शिरतं ती वाट क्लोराइड अडवतं. आणि रोज पाणी बदललं म्हणून सायकल लांबत नाही, जिवाणू स्पंजला चिकटलेले असतात, पाण्यात पोहत नसतात. हे सगळं धरून १०० लिटरला तीन-चार छोटे मासे, एक दिवसाआड चिमूटभर खाणं. यात क्रौर्य कुठे आहे ते दाखवा.

नायट्रोबा
पीएच ८ मध्ये दाखवतो. तिथे मुक्त अमोनिया साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुमच्या हिशेबाच्या दहापट. तेच ०.२५ आता ०.०१३ होतं. टेस्ट एक दिवस राहून गेली आणि आकडा ०.५ झाला, की मुक्त अमोनियाची ०.०२ ची धोक्याची रेघ ओलांडलीत. तुमची पद्धत पाठ असलेल्या माणसाच्या हातात चालते. ती ज्याला सांगितलीत त्याच्याकडे टेस्ट किटच नाही.

स्पंजपिळ्या
तुम्ही दोघं भांडत बसा. सायकल मरते ती फिल्टरच्या डब्यावरच्या ‘दर महिन्याला कार्ट्रिज बदला’ या ओळीमुळे. सहा आठवडे खपून वाढवलेली जिवाणूंची वसाहत कचऱ्यात आणि वर ‘अचानक अमोनिया का आला’ हा प्रश्न. कार्ट्रिज फाडा, आतला कोळसा फेका, त्या जागी जाड छिद्रांचा स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरा. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धराल तर क्लोरीनच्या पाण्यात जिवाणू धुऊन काढाल.

तरंगती_पानं
दाट झाडं लावा, सगळाच वाद संपतो. झपाट्यानं वाढणारी झाडं नायट्रेटच्या आधी अमोनियमच उचलतात. फक्त अट अशी की झाडं खरंच वाढत असली पाहिजेत. नुकती लावलेली, पानं वितळत असलेली झाडं अमोनिया घेत नाहीत, उलट कुजून देतात.

खारटपाणी
नायट्रोबा, तुमच्या कृतीत सगळ्यात मोठं भोक राहिलंय. केएचचा, म्हणजे पाण्याच्या आम्ल झेलण्याच्या ताकदीचा, उल्लेखच नाही. नायट्रिफिकेशन, म्हणजे जिवाणूंचं अमोनियाचं नायट्रेट करणं, हा क्षार खातं. दर २ पीपीएम अमोनियामागे ०.६५ डिग्री केएच जातो. पाणी मुळात ३ डिग्रीचं असेल तर चार डोस झाले की तळ लागला. मग पीएच सहाकडे घसरतो, आकडे गोठतात आणि लोक ‘सायकल अडली’ म्हणत आणखी अमोनिया ओततात. बऱ्याच अडलेल्या सायकलींचं कारण हेच.

मोजपट्टी
ही केएचची भीती आता पुरे. आकडा तपासा. २ पीपीएम अमोनियाला केएच ०.३३ डिग्री जातो, तुम्ही सांगताय त्याच्या निम्मा. लोक हे वाचून केएच वाढवायला खाण्याच्या सोड्याचे डबे रिकामे करतात आणि पीएच ८.४ वर नेऊन बसवतात.

खारटपाणी
०.३३ कुठून आणलात? एका अमोनियममागे आम्ल करणारे दोन हायड्रोजन आयन सुटतात, दोन! १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षार लागतो. २ पीपीएम अमोनियात नायट्रोजन १.६५. गुणा आणि १७.९ नं भागा (तेवढे मिलिग्रॅम म्हणजे एक डिग्री). शाळेतलं गणित आहे.

मोजपट्टी
गणित येतं, गुरुजी. तुम्ही बाटलीतलं अमोनिया द्रावण विसरताय. ते स्वतः अल्कली आहे. पाण्यात पडताक्षणी एक हायड्रोजन उचलून अमोनियम होतं, म्हणजे एक आधीच जमा. पुढे दोन सुटले तरी निव्वळ खर्च एकाचाच.

खारटपाणी
आणि अमोनियम क्लोराइडला ती सवलत नाही. तिथे हायड्रोजन आधीच जोडलेला येतो, खर्च पूर्ण दोनाचा. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये पहिलं नाव कशाचं आहे ते वाचा.

मोजपट्टी
मग तुम्ही ०.६५ सरसकट का लिहिलंत?

खारटपाणी
आणि तुम्ही ०.३३ सरसकट का?

नायट्रोबा
पावडर वापराल तर ०.६५, द्रावण वापराल तर ०.३३. केएच माझ्याकडून राहिला, मान्य. त्यासाठी एवढा आरडाओरडा लागत नव्हता. उपाय हा: केएच ३ च्या खाली गेला तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा, १ डिग्री वाढते. चहाचा सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम, तेव्हा चमच्यानं मोजणाऱ्यांनी भान ठेवा. धुण्याचा सोडा नव्हे, त्यानं पीएच उडी मारतो.

मोजपट्टी
हिशेब मान्य, सूर अमान्य. आणि सोडा टाकण्याआधी नायट्राइट नीट मोजा, कारण ‘अडलेली’ सायकल बऱ्याचदा अडलेली नसते. २ पीपीएम अमोनियातून ५.४ पीपीएम नायट्राइट निघतं. बहुतेक किटचा रंगतक्ता ५ ला संपतो. तीन डोसनंतर खरा आकडा १६ असेल, तो १० वर उतरला तरी नळीतला जांभळा तोच दिसणार. एक भाग टाकीचं पाणी, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी, आलेल्या आकड्याला दहानं गुणा. नायट्राइट इतकं असताना नायट्रेटच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका, ती टेस्ट आधी नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग देते.

स्पंजपिळ्या
विकत मिळणाऱ्या बाटलीतल्या जिवाणूंबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

खारटपाणी
बोलू. लेबलवर नायट्रोबॅक्टर हा जिवाणू असेल तर फार आशा ठेवू नका. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट खाणारा मुख्य गडी नायट्रोस्पायरा आहे, हे १९९८ सालीच दाखवून झालंय. बॅसिलस या वेगळ्याच जिवाणूच्या बाटल्या फळीवर वर्षानुवर्षं टिकतात कारण तो बीजाणू करतो. अमोनिया आणि नायट्राइट खाणारे करत नाहीत, म्हणून त्यांची बाटली ताजी आणि थंड ठेवलेली लागते. ती ओतलीत तरी अमोनिया द्यावाच लागतो. नुसती बाटली ओतून मासे सोडणं म्हणजे पुन्हा मत्स्यवेडांचीच पद्धत, फक्त टेस्टशिवाय.

मत्स्यवेडा
माझं नाव कुठेही ओढलं जातंय, तर ऐका. सायकल झाल्यावर पूर्ण टाकीभर मासे एकदम सोडता येतात, हा तुमच्या पद्धतीचा फायदा कबूल. माझ्या पद्धतीत वसाहत तीन-चार माशांपुरतीच असते, पुढचे टप्प्याटप्प्यानं सोडावे लागतात. पण जुन्या स्पंजाबद्दल तुम्ही जे दोन शब्दांत उरकलंत, त्यात गोगलगायी, प्लॅनेरिया (चपटे किडे) आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फुकट येतात हेही लिहा.

नायट्रोबा
लिहितो. ज्या टाकीत महिनाभर नवा मासा आलेला नाही आणि कोणी आजारी नाही, तिथलाच स्पंज घ्या. ओला ठेवा आणि तासाभरात नव्या फिल्टरात बसवा. टाकी तयार झाल्यावर मासे त्याच दिवशी येणार नसतील, तर एक-दोन दिवसाआड १ पीपीएमचा डोस चालू ठेवा आणि मासे यायच्या आदल्या दिवशी पाणी बदला.

मत्स्यवेडा
माझ्या कालच्या उत्तरात दुरुस्ती केली. ‘दोन दिवस’ काढून ‘२४ तासांत दोन्ही शून्य येईपर्यंत’ लिहिलंय. टेस्ट किट नसेल तर टाकीच भरू नका, हेही वर टाकलंय. ‘कणखर मासे’ मात्र ठेवलेत. टेस्ट किट असणाऱ्यांसाठी.