खडखड आली की लगेच शॉकअप नको
कारच्या आवाजाबद्दल वर दोघांनी ‘स्पीडब्रेकरवर खडखड म्हणजे शॉकअप (चाकाजवळचे, धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेले’ असं लिहिलंय. इतकी घाई नको. बारीक खड्ड्यांवर, कमी वेगात टकटक येत असेल तर आधी स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि त्याला चाकाकडच्या भागाशी जोडणारा लिंक रॉड बघून घ्या. स्वस्तातलं काम आहे, आणि आपल्या रस्त्यांवर बऱ्याचदा आधी तेच जातात. शॉकअप गेला असेल तर चाकाच्या आत डोकावून बघा: तेल ओघळून त्यावर धुळीचा चिकट थर बसलेला असतो, शिवाय खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते. जागेवर स्टिअरिंग फिरवताना कटकट येत असेल तर वरच्या माउंटवर, म्हणजे शॉकअप वर बॉडीला जिथे बसतो त्या भागावर संशय घ्या. शॉकअप बदललेच तर पुढची किंवा मागची जोडी एकदम बदला, नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. ‘एकच टाकू’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला सरळ नाही म्हणा.