संकटात असलेल्या बाईने रोजची प्रार्थना कशी करावी?

अबोली: सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांच्या सभेत 'दुःखातून वाढ' हा विषय घ्यायचा आहे. बायबलमधलं रोमकरांस 5:3-4 सगळ्यांना तोंडपाठ आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. पण घरात दुखणं किंवा कर्ज असलेल्या बाईने सकाळी उठून नेमकं करायचं काय? प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत, असं बऱ्याच जणी सांगतात.

देवदार: ताई, स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत. 1-2 गाऱ्हाणं, 3-4 मागणं, 5-6 भरवसा. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, म्हणजे गाऱ्हाण्याला तिथे भरपूर जागा आहे. आधी स्तोत्र मोठ्याने वाचायचं, मग वहीत तसेच तीन भाग लिहायचे. पंधरा मिनिटं पुरतात.

गाऱ्हाणं देवालाच 'तू' म्हणून सांगायचं. शेजारणीजवळ देवाबद्दल बोलणं वेगळं आणि देवाशी भांडणं वेगळं. मागणं एकच ठेवा, तेही आजचं: औषधाचे पैसे, रात्रीची झोप. 'सगळं ठीक कर' असं लिहिलं, की उत्तर आलं तरी ओळखू येत नाही. बहुतेकांचं बिघडतं ते तिसऱ्या भागात. गाऱ्हाणं अर्धवट टाकून लगेच स्तुती लिहितात आणि आठवड्याभरात वही बंद पडते. भरवसा वाटत नसेल तर ती जागा कोरी सोडा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

आणि सभेत लगेच साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगणं, मागू नका. 'शील' या शब्दामागे ग्रीकमध्ये 'डोकिमे' आहे, म्हणजे पारखून खरं उतरलेलं. त्याला वेळ लागतो.

अबोली: वहीचं पटलं. पण काही जणी घरचा मारही 'माझा क्रूस' म्हणून गप्प सोसतात. त्यांना काय सांगू?

पाणवठा: तो क्रूस नाही, असं स्पष्ट सांगा. क्रूस उचलायचा तो प्रभूच्या मागे जाताना. मारणं हे मारणाऱ्याचं पाप आहे. शौल राजाने भाला फेकल्यावर दावीद पळाला, आणि त्याच्या बायकोने, मीखलने, त्याला खिडकीतून खाली सोडलं (1 शमुवेल 19). त्यात अविश्वास नव्हता. महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112 हे दोन्ही नंबर सभेत सर्वांनाच लिहून द्या, म्हणजे कोणी एकटी उघडी पडणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. पाळकांनी आधी 'समेट करा' म्हणू नये.

देवदार: याला पूर्ण दुजोरा. एक राहिलं: पार थकलेल्या बाईला वहीसुद्धा देऊ नका. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं (1 राजे 19). तेव्हा सभेतल्या दोघींनी आधी तिच्या घरी डबा पोचवायचा.