मदत हवी आहे: ऑटोमॅटिक पॅचने टेस्ट पास होतायत पण काम बंद पडतंय

नमस्कार मंडळी, सी मधला एक जुना पार्सर (फाईल वाचून तिचे भाग वेगळे करणारा प्रोग्राम) गळ्यात पडलाय, बायनरी फाईल वाचतो, लिहिणारे कधीच कंपनी सोडून गेलेत. अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी तपासणी) लावून बिल्ड केलं आणि एएफएल प्लस प्लस, म्हणजे मुद्दाम वेड्यावाकड्या फाईली देत प्रोग्राम पाडून बघणारा फझर, रात्रभर चालू ठेवला, सकाळी क्रॅशचं फोल्डर गच्च. स्टॅक ट्रेसच्या (क्रॅशच्या वेळी कुठली फंक्शनं चालू होती त्या यादीच्या) वरच्या ओळी जुळल्या की एकच बग असं धरून गाळले तर मोजकेच उरले. त्यातला मोठा म्हणजे फाईलमध्ये रेकॉर्डची लांबी लिहिलेली असते आणि आमचा कोड ती डोळे झाकून खरी मानतो आणि तेवढं मेमकॉपी करतो (म्हणजे मेमरीत कॉपी करतो), झाला हीप ओव्हरफ्लो, म्हणजे राखून ठेवलेल्या मेमरीच्या बाहेर लिहिलं जातं.

दुरुस्तीपण आपोआप होते का बघू म्हणून जेनप्रॉग या आपोआप बग दुरुस्त करणाऱ्या टूलच्या धर्तीवरचं एक टूल चालवलं, म्हणजे ओळी खोड, हलव, दुसरीकडची आणून चिकटव, टेस्ट पास होईपर्यंत हेच. त्याने काय करावं, मेमकॉपीची ओळच उडवली! रेकॉर्ड वाचलंच जात नाही, मग क्रॅश कुठून होणार? टेस्ट सगळ्या हिरव्या. लीड म्हणतात मर्ज करून टाका, मला काही ते पटेना. हा एक बग मी हाताने लांबी तपासून मिटवीन, पण बाकीच्या बगांचे पॅच खरे की खोटे हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १:
आधी टेस्टची स्क्रिप्ट उघडा. ती आउटपुट ताडून बघते की एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य आला की पास म्हणते? २०१२ च्या पेपरात जेनप्रॉगने १०५ पैकी ५५ बग दुरुस्त केल्याचा दावा होता, २०१५ मध्ये एमआयटीवाल्यांनी ते पॅच तपासले तर खरे बरोबर फक्त २. बऱ्याच ठिकाणी स्क्रिप्ट आउटपुट बघतच नव्हती आणि पॅच सरळ कोड उडवत होते. क्रॅश न होणाऱ्या चांगल्या फाईली घ्या, जुन्या बायनरीचं आउटपुट साठवा, पॅचवालीचं त्याच्याशी डिफ मारा, फरक दिसला की आधी पॅचवर संशय घ्या. उरलेल्यांवर परत फझर सोडा. त्यातूनही टिकतील ते मात्र वाचावेच लागतात, त्याला पळवाट नाही.

धागाकर्ता:
अगदी तेच निघालं, स्क्रिप्ट आउटपुट थेट डेव्ह-नलला टाकतेय (म्हणजे फेकूनच देतेय), फक्त एक्झिट कोड बघते. डिफ लावलं आणि मेमकॉपीवाला पॅच पहिल्याच फाईलला पडला. आता एकच अडचण, आउटपुटच्या प्रत्येक ओळीत वेळ छापली जाते त्यामुळे जुनी बायनरी जुन्याशीच ताडली तरी डिफ येतो. सेडने (मजकुरात बदल करणारी कमांड) वेळ गाळू की पार्सरलाच खोटं घड्याळ देऊ? कुणी केलंय का असं?