पानशेतच्या पुरात भिजलेला फोटो: फुकट सॉफ्टवेअरवर हाताने दुरुस्त करता येईल का?

नारायणपेठकर

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही असं वाटतं.

येत्या मार्गशीर्षात माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. तिच्या आई-वडिलांचा एकत्र असा एकच फोटो आमच्याकडे उरलाय. कृष्णधवल, साधारण ६ बाय ८ इंच, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काचेच्या फ्रेममध्ये. आजी खुर्चीत, आजोबा मागे उभे, आणि आई परकर-पोलक्यात आजीच्या गुडघ्याला टेकून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमच्या वाड्यात पाणी शिरलं. फ्रेम भिंतीवरच राहिली, पण निम्मी पाण्यात होती. तेव्हापासून आजीच्या हनुवटीखालून एक तपकिरी नागमोडी रेघ जाते, तिच्या खाली सगळं पिवळट आहे, आणि डावीकडचा खालचा कोपरा काचेला चिकटून बसलाय.

भाच्याने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून तो ‘स्वच्छ’ करून आणला. आईने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “बाई छान आहे गं, पण ही माझी आई नव्हे.” मग मी मूळ फोटोशी ताडून बघितलं. आजीचा खालचा ओठ एका बाजूला किंचित उतरता होता, तो सरळ झाला होता. नथीत नसलेला एक मोती आला होता. एका स्टुडिओत विचारलं, तर आधी फोटो काचेपासून सोडवून आणा म्हणाले. माझा हात धजत नाही.

दरमहा पैसे भरायचं सॉफ्टवेअर मला परवडणार नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, विंडोज १०. मी हिशेबाचं काम करते, चित्रांचं सॉफ्टवेअर आजवर उघडलेलं नाही. शिकायची तयारी आहे. कुठून सुरुवात करू?

कोथरूडकर_लिनक्स

गिम्प घ्या, फोटो-चित्रांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघांनी ते लिहायला घेतलं, पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवलं. जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे कोणीही ते वापरावं, बदलावं, वाटावं. पैसे पडत नाहीत हे खरंच, पण मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी, की आज केलेली फाइल दहा वर्षांनी उघडताना वर्गणी संपली म्हणून कोणी अडवणार नाही. घरच्या फोटोसाठी हे महत्त्वाचं आहे.

मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली. तिच्यात फिल्टर लावून झाल्यावरही मागे जाऊन तो बदलता किंवा काढता येतो. नवशिक्यासाठी हे वरदान आहे, जुनी घेऊ नका. उतरवून घ्यायचं ते फक्त गिम्पच्या अधिकृत साइटवरून. शोधल्यावर वर जाहिराती दिसतील, तिकडे जाऊ नका.

नवे लोक एका जागी हमखास अडकतात. कंट्रोल-एस दाबलं की गिम्प फक्त स्वतःची एक्ससीएफ फाइल साठवतं. जेपेग हवी असेल तर वेगळं ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं. एक्ससीएफ कधीही पुसू नका, सगळे थर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे) तिच्यातच असतात.

जुना_रिटचर

ताई, आधी एकच विनंती. तो फोटो काचेपासून सोडवू नका, आणि कोणालाही सोडवू देऊ नका. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. भिजून फुगलेलं जिलेटिन काचेला लागूनच वाळलं की ते काचेचंच होऊन जातं. ओढलंत तर कागद हातात येईल आणि चित्र काचेवर राहील. मी हे माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलंय. काच फुटलेली नाही ना? मग ती काच आता फोटोचाच भाग समजा.

मी सत्तावीस वर्षं पेठेतल्या एका स्टुडिओत रिटचिंग, म्हणजे फोटोंची हाताने दुरुस्ती केली. निगेटिव्हवर पेन्सिलीने आणि प्रिंटवर ब्रशने. पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं, खालून आरशाने उजेड घ्यायचा आणि डोळ्यांखालची सावली ठिपक्याठिपक्याने भरायची. गिम्प मी साठी ओलांडल्यावर शिकलो. हत्यार बदललं, काम तेच आहे: जे गेलंय तेवढंच भरायचं, जे आहे त्याला हात लावायचा नाही.

काचेतूनच चित्र घ्या. दुकानातल्या प्रिंटरसोबत येणाऱ्या पातळ स्कॅनरवर नको. त्यातल्या बहुतेकांचा सेन्सर काचेला अगदी चिकटलेली वस्तूच स्पष्ट टिपतो. मध्ये फ्रेमची काच आली की धूसर. भाच्याकडे किंवा ओळखीत चांगला कॅमेरा असेल तर तो ट्रायपॉडवर लावा. फ्रेम आडवी ठेवा, कॅमेरा बरोबर वर. दोन्ही बाजूंना सारखे दिवे, ४५ अंशात. फ्लॅश बंद. खोलीतले बाकीचे दिवे घालवा आणि कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरा, म्हणजे काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडणार नाही. फ्रेमशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या फाइलमध्ये) घ्या, आणि रंगीतच घ्या. फोटो कृष्णधवल आहे म्हणून कॅमेरा कृष्णधवलवर ठेवू नका. कारण पुढे सांगतो.

रॉ फाइल डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. हेही मुक्त आहे, आणि मूळ फाइलला ते बोटही लावत नाही. तुमचे बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. तिथे पांढऱ्या कागदावरून रंग ठीक करा, तिरकं आलं असेल तर सरळ करा, आणि १६ बिटची टिफ काढा, म्हणजे छटा न गमावणारी फाइल. तुमच्या ४ जीबीला झेपावी म्हणून लांब बाजू ३२०० पिक्सेल ठेवा. ३२०० बाय २४०० चा १६ बिटचा रंगीत थर साधारण ४६ एमबीचा होतो, आणि थर चढत जातात. छापताना ८ इंच लांबीला ४०० डीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके) मिळतो, तेवढं पुष्कळ झालं.

आता रंगीत का, ते. डाग तपकिरी-पिवळा आहे. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, तांबडा जाऊ देतो. रंगीत चित्र तांबडा, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलचं असतं, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये डाग सर्वांत काळा दिसतो आणि तांबड्यात सर्वांत फिका. गिम्पमध्ये टिफ उघडा, ‘कलर्स’ मेन्यूत ‘कंपोनंट्स’, त्यात ‘डिकंपोज’, आरजीबी निवडा. तीन करडे थर मिळतील. निळा आणि हिरवा बंद करून फक्त तांबडा बघा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. निम्मं काम तिथेच झालेलं असतं, एकही ठिपका न रंगवता. निळा थर टाकून मात्र देऊ नका. पुठ्ठ्यावर कोणी शाईने काही लिहिलं असेल आणि ते उडून तपकिरी झालं असेल, तर ते निळ्यातच वाचता येतं.

तांबड्याची नक्कल काढा आणि पुढचं सगळं नकलेवर. ‘लेव्हल्स’ या उजेड-अंधाराच्या हत्याराने काळा आणि पांढरा जागेवर आणा, फार ओढू नका. मग ‘फिल्टर्स’, ‘एन्हान्स’, ‘वेव्हलेट डिकंपोज’. हे चित्राला पाच थरांत आणि एका उरलेल्या थरात फोडतं. बारीक ओरखडे पहिल्या थरांत जातात, ढगासारखे डाग शेवटच्या ‘रेसिड्युअल’मध्ये. नागमोडी रेघेभोवती लासोने (हाताने घेर काढायच्या हत्याराने) निवड करा, कडा मऊ करा आणि रेसिड्युअलमध्येच तिथला उजेड जुळवून घ्या. वरचे थर तसेच राहिल्यामुळे पदराची वीण जशीच्या तशी राहते. ओरखड्यांना हीलचं हत्यार: कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर टिचकी, मग ओरखड्यावर लहान लहान फटकारे. ब्रश ओरखड्याहून जेमतेम मोठा.

चेहऱ्यावर शेवटी या, आणि शंभर टक्क्यांवर काम करू नका. दोनशेवर ठिपके भरा आणि दर पाच मिनिटांनी पूर्ण चित्र बघा. ओठाला हात लावायचा नाही. तो उतरता ओठ म्हणजेच तुमच्या आईची आई.

कर्वेनगर_डिझाइन

काकांनी सांगितलेला तांबड्या चॅनेलचा उपाय मी उद्याच वापरणार आहे. एक शंका आहे. काचेला चिकटलेल्या कोपऱ्यात चित्रच उरलं नसेल तर हील करून काय मिळणार? तिथे आपण कल्पनेने भरलं तर अ‍ॅपने केलं त्यात आणि यात फरक काय?

पत्रिकेबद्दल: फोटोवर किंवा पत्रिकेवर मराठी मजकूर लागणारच, तर जुने कीबोर्डवाले फॉन्ट घेऊ नका. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा किंवा नोटो देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट घ्या, जोडाक्षरं बरोबर येतात. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. पत्रिकेची मांडणी गिम्पमध्ये करू नका. चार ओळींची असेल तर इंकस्केप, चार पानांची असेल तर स्क्राइबस, दोन्ही मांडणीची फुकट सॉफ्टवेअरं. अप्पा बळवंत चौकातल्या प्रेसला सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांची) पीडीएफ लागते, ती स्क्राइबसमधून सरळ निघते.

जुना_रिटचर

प्रश्न बरोबर आहे. कोपऱ्यात सतरंजी किंवा जमीन असेल तर शेजारची घेऊन क्लोनने भरा. तिथे कोणाचा चेहरा नाही. आजोबांचा किंवा छोट्या मुलीचा पाय असेल आणि तो दिसत नसेल, तर करडी सावली सोडून द्या. आमच्या मालकांचा नियम होता, की माणसाच्या अंगावर अंदाजाने रेघ मारायची नाही. आणि भरलेलं सगळं वेगळ्या थरावर ठेवा. पुढे कोणाला खरं काय आणि भरलेलं काय ते बघायचं असेल, तर त्या थरापुढचं डोळ्याचं चिन्ह मिटवलं की दिसलं पाहिजे.

नारायणपेठकर

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमा करा.

शेजारच्या मुलाचा कॅमेरा मिळाला. काळं कापड म्हणून आईची चंद्रकळा वापरली. पहिल्या दिवशी काचेत पंखा दिसला, दुसऱ्या दिवशी रात्री काढले ते बरे आले. डिकंपोज केल्यावर तांबड्या थरात ती रेघ जवळपास नाहीशीच झाली. मी आईला हाक मारून बोलावलं. लॅपटॉप दोनदा गोठला. मग वेव्हलेटचे पाचऐवजी तीन थर केले आणि बाकी सगळं बंद ठेवून काम केलं, तेव्हा चाललं. रोज रात्री तासभर, असे अकरा दिवस. कोपऱ्यात सतरंजीच होती.

ओठाला हात लावला नाही. आईने बघितलं आणि आजीच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, “इथे देवीचा व्रण होता, तो दिसतोय.” मी तो ओरखडा समजून पुसणारच होते, काका. हील केलेला थर बंद-चालू करून तिला विचारत विचारत आणखी दोन खुणा परत आणल्या.

आणि निळा थर. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेला, जिथवर पाणी पोचलं नव्हतं, आजोबांच्या अक्षरात एक ओळ निघाली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. “चैत्र शु. १, शके १८७९” एवढं स्वच्छ वाचता येतं. म्हणजे १९५७ चा पाडवा. आई तेव्हा बारा वर्षांची. पुढे आणखी एक शब्द आहे, ‘न’ने सुरू होणारा, पण शेवट फ्रेमच्या लाकडाखाली गेलाय. आईच्या मते तो ‘नवीन घर’ असावा. फ्रेमची मागची पट्टी काच न हलवता काढता येते का, एवढंच आता विचारायचं आहे.

जुना_रिटचर

येते. फ्रेम नुसत्या टेबलावर पालथी नका घालू, काच खालीच राहू दे पण उशीवर. मागचे खिळे पक्कडीने सरळ वर ओढा, ठोकू नका. पुठ्ठा उचलायचा नाही, फक्त लाकूड बाजूला सरकवायचं. रविवारी सकाळी मला वेळ आहे, हवं असेल तर येतो. पक्कड माझ्याकडे बारीक तोंडाची आहे.