मदत हवी आहे: डोक्यावर आल्यावरच सिग्नल का सरकतो?
नमस्कार मंडळी. लातूरला माळवदावर घरी बनवलेला अँटेना लावून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा 437.800 मेगाहर्ट्झचा सिग्नल ऐकतोय. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळतं, त्यामुळे येताना वारंवारता सुमारे 10 किलोहर्ट्झ वर, जाताना तेवढीच खाली. कक्षेच्या आकड्यांवरून लॅपटॉप ते दुरुस्त करतो. क्षितिजाजवळ झकास, पण डोक्यावर आलं की सिग्नल किलोहर्ट्झभर बाजूला! रिसीव्हरमधल्या क्रिस्टलची (वारंवारता ठरवणाऱ्या भागाची) चूक असती तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच दिसली असती ना? माथ्यावर वारंवारतेतला बदल सेकंदाला दोनशे हर्ट्झच्या घरात असतो, म्हणजे वेळ काही सेकंद चुकली तरी किलोहर्ट्झभर फरक पडतो, म्हणून माझा संशय लॅपटॉपच्या घड्याळावर (माळवदावर नेट धड येत नाही, त्यामुळे वेळ नेटवरून जुळवता येत नाही). की कक्षेचे आकडेच शिळे झालेत? यातलं नेमकं कोणतं, हे कसं ओळखायचं? जाणकारांनी सांगा राव.